हेमाडपंती देऊळ, इंग्रजाच्या वेळची शाळा अन् तालुक्याचं क्रीडा संकुल : यायच्यावर सरकारची नजर नेमकी कोणाची?

काळी_माती :

रामराम मंडळी. प्रश्न लंबा हाय पण पूर्ण वाचजा, अन् ज्याले माहीत असन त्यानं सांगजा.

आमचं गाव पश्चिम विदर्भातलं, तालुक्यापासून चौदा किलोमीटर, अडीचेक हजार वस्ती. गावाच्या उगवतीकडं नाल्याच्या काठावर काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ हाय. दगडावर दगड बसवेल, मधात चुना नाही का माती नाही. खांबावर कीर्तिमुखं, त्याच्या खाली नाचणाऱ्या बाया कोरेल, अन् गाभाऱ्याच्या चौकटीवर खालपासून वरपर्यंत पाच पट्ट्यायची नक्षी. लहानपणी उन्हाळ्यात आमी दुपारी तिथीच झोपत होतो. बाहेर चव्वेचाळीस अन् आत रांजणाजवळ बसल्यासारखं थंड.

मागच्या महिन्यात देवळाच्या सुशोभीकरणाचा निधी आला म्हणे. ठेकेदाराची माणसं आली अन् पयल्याच दिवशी मंडपातल्या उजव्या हाताच्या दोन खांबायले ऑइल पेंट मारला, एक गुलाबी, एक पिवळा. त्या गुलाबी खांबावर एक बाई ढोलकी वाजवून राहिली असं कोरेल हाय. तिच्या हाताची बोटं मोजता येत होती, आमी पोरं मोजत होतो. आता तिथं नुसता पेंटाचा गोळा दिसते. दुसऱ्या दिवशी मागच्या भितीच्या फटीत सिमेंट भरणं सुरू केलं अन् गाभाऱ्यात लावाच्या टाइल्सचे खोके आणून टाकले. मी इचारलं कोणाची परवानगी हाय, तर म्हणे इस्टिमेटमंदी हाय. सरपंच भाऊ माणूस वाईट नाही, पण ते म्हणते काम थांबवलं तर निधी परत जाईन, मग गाव मलेच बोलन.

दुसरं, आमची शाळा. दगडी जोतं, सागाच्या मयाली म्हणजे आडव्या तुळया, कवेलूचं छप्पर, दारावरच्या दगडात 1911 कोरेल. माया आजा तिथी शिकला, बाप तिथी शिकला, मी तिथीच पाढे पाठ केले. आता इमारत धोकादायक हाय, पाडून टाका असा कागद फिरून राहिला. भिती अजून तोफ मारली तरी हलनार नाही अशा हायेत, गळते ते छप्पर. दरसाल मिरगाच्या आधी कवेलू फेरले असते तर गळलंच नसतं.

तिसरं, तालुक्याचं क्रीडा संकुल. सरकारचा एवढा पैसा लागला, हॉल हाय, ट्रॅक हाय, पण गेटले बाराही महिने कुलूप. ट्रॅकवर कमरेइतका तरोटा अन् गाजरगवत. मायी भाची पोलीस भरतीची तयारी करते, ती पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावते, बाजूनं कापसाच्या गाड्या अन् ट्रक जाते. मायी बहीण रोज ती घरी येईलोक दारात उभी रायते.

मी तहसीलीत गेलो, त्यायनं पंचायत समितीत धाडलं, तिथून बांधकाम खात्यात, तिथून म्हणे पुरातत्त्वले इचारा. तीन चकरा झाल्या, बैलाचं काम बुडलं ते वेगळंच. माया सवाल एवढाच हाय, की या तीन गोष्टी सरकारच्या हायेत का गावाच्या, अन् सरकारच्या असन तर त्यायच्यावर नजर ठेवाचं काम नेमकं कोणाचं?

निवृत्त_ओव्हरसियर :

काळी माती भाऊ, एकतीस वर्षे बांधकामात काढली, म्हणून थोडं सांगू शकतो. तुमच्या तीन चकरा वाया गेल्या त्याचं कारण असं की तुम्ही वस्तू घेऊन गेले, कागद घेऊन नाही गेले. आपल्या व्यवस्थेत देऊळ किती जुनं आहे यावर साहेब ठरत नाही, ते कोणत्या वहीत लिहिलं आहे यावर ठरते. आधी वही शोधा.

देवळाचं पाहू. सगळ्यात वरची वही केंद्राची. संसदेनं राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली स्मारकं जपणं हे राज्यघटनेच्या 49 व्या कलमानं सरकारचं कर्तव्यच केलं आहे, अन् त्यासाठी 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. ही स्मारकं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण पाहते, आपल्याकडचं त्यांचं मंडळ कार्यालय नागपूरला. देशात अशी 3,690 च्या आसपास आहेत. आपल्या इकडचे गाविलगड, नरनाळा, बाळापूरचा किल्ला, मार्कंड्याची देवळं, लोणारचं दैत्यसूदन हे सगळे त्यात येतात. दुसरी वही राज्याची, 1960 चा महाराष्ट्राचा कायदा, त्यातली स्मारकं राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. नगरधनचा किल्ला त्यातला. दोन्ही यादीतल्या ठिकाणी निळा नाहीतर तसाच सरकारी फलक असतो, त्यावर कायद्याचं नाव अन् शिक्षा लिहिलेली असते. केंद्राच्या स्मारकाची मोडतोड केली तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

तुमच्या देवळापाशी फलक नसेल तर बहुतेक ते दोन्ही यादीत नाही. पण फलक पडून गेला असंही होते, म्हणून याद्या पाहाच. त्या दोन्ही खात्यांच्या संकेतस्थळावर आहेत, अन् जुने गॅझेट जिल्ह्याच्या ग्रंथालयात भेटते.

यादीत नसलेल्या देवळाची वही तिसरीच. जमीन कोणाच्या नावानं आहे ते तलाठ्याकडे सातबाऱ्यावर पाहा, देवस्थान इनाम लिहिलं आहे का सरकार लिहिलं आहे. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8. देवळाचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर तो 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्ताकडे नोंदलेला असतो, तिथून उतारा काढा. हे कागद हातात आले की मग तुम्ही ज्या टेबलापाशी उभे राहाल तिथला माणूस तुम्हाला पुढं ढकलू शकत नाही.

आता निधीचं. बहुतेक क वर्ग तीर्थक्षेत्रातून आला असेल, ते जिल्हा नियोजन समिती ठरवते. तो पैसा भाविकांच्या सोयीसाठी असतो, म्हणजे रस्ता, पाणी, संडास, सभागृह. मूळ देवळाला रंग द्या असं तो सांगत नाही. पण इस्टिमेट करणारा पोरगा सभागृहाच्या साच्यातच देवळाचं इस्टिमेट करते, कारण त्याला तोच साचा येते. मीही असे इस्टिमेट केले आहेत, खोटं नाही बोलत. दर वर्षी मार्चच्या आधी बिल काढायची घाई असते अन् दगडासाठी दरसूचीत सोपी ओळ भेटत नाही, पेंटसाठी भेटते.

सिमेंट मात्र आजच थांबवा. कोरड्या सांध्याचा दगड आतला ओलावा त्या सांध्यातूनच बाहेर टाकते. सिमेंटनं सांधा बुजला की पाणी दगडातून वाट काढते, क्षार वर येते अन् दोन-चार पावसाळ्यात कोरीव कामाचा पापुद्रा सुटते. जिथं मुळातच चुना आहे अशा किल्ल्या-वाड्यांना पुरातत्त्ववाले अजूनही मळलेला चुनाच वापरतात, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असं घालून. अन् पेंट काढायला कोणी तारेचा ब्रश नाहीतर ॲसिड घेऊन आला तर त्याला देवळात पाय ठेवू देऊ नका, ते जाणकाराचंच काम आहे.

शाळेबद्दल रात्री लिहितो, आता नातीला आणायला जायचं आहे.

पहाटे_पाच :

दादा, तुमच्या भाचीचं वाचलं अन् राहावलं नाही. मी बी भरतीचीच तयारी करून राहिले, आमचा तालुका दुसरा पण संकुलाची हालत सेम टू सेम होती.

खेळ हा राज्याचा विषय हाय, म्हणून दिल्लीले लिहून फायदा नाही, इथंच लागाव लागते. तालुक्याच्या संकुलाले आधी 1 कोटीची मर्यादा होती, मग ती 5 कोटी केली. पण तो पैसा बांधाचा असते. पुढं कुलूप उघडाले माणूस, लाईटबिल, पाणी, गवत काढणं हे संकुल समितीनं आपल्या उत्पन्नातून कराव असं असते, म्हणजे दुकानाचं भाडं, हॉलची फी. आमच्या इकडं दुकानं बांधलीच नाही तर भाडं कुठून येईन? म्हणून लाईट कटलेली, चौकीदार नाही, अन् कबड्डीची मॅट हॉलमंदी गुंडाळून ठेवेल ती उंदरायनं कुरतडली. आमी ती उघडली तेव्हा आत पिल्लं होती.

आमी काय केलं ते सांगते. आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात इचारलं की समितीत कोण कोण हाय, शेवटची बैठक कधी झाली, देखभालीवर तीन वर्षात किती खर्च केला. 30 दिवसात उत्तर द्याव लागते. उत्तर आलं, समितीचे अध्यक्ष आमदार, सदस्यायमंदी तहसीलदार अन् बांधकामचे साहेब, सचिव तालुका क्रीडा अधिकारी, अन् बैठक दोन वर्षात झालीच नव्हती. मंग आमी 34 पोरापोरीयनं सह्या करून निवेदन दिलं. तक्रार नाही केली. लिहिलं की सकाळी पाच ते आठ गेट उघडा, चाबी आमच्यातल्या दोघीयकडं द्या, आमी रजिस्टर ठेवतो, काही तुटलं तर नाव सापडन. तरोटा आमीच उपटला, दोन रविवार लागले, हाताले फोड आले.

आता रजिस्टर गेटवर दोरीनं बांधलेलं हाय. पोरीले 800 मीटर मारा लागते, पोरायले 1600, ते रस्त्यावर कसं मोजन कोणी? ट्रॅकवर वळणाचा अंदाज येते, शेवटच्या शंभरात जीव कुठं लावाचा ते समजते. अन् मुख्य म्हणजे मागून गाडी येईन ही भीती नाही. तुमच्या ताईले सांगजा, पोरीले एकटीले रस्त्यावर धाडू नका, चार जणी मिळून अर्ज द्या. संकुल 29 ऑगस्टले राष्ट्रीय क्रीडा दिनाचा फोटो काढाले नक्की उघडते, त्या दिवशी साहेब तिथंच भेटते, तोच दिवस पकडा.

माहेर_पेठेत :

सगळ्यांचं वाचलं. दादा, देऊळ वाचलंच पाहिजे, पण संरक्षित करून घ्या म्हणण्याआधी दुसरी बाजू पण ऐका. माझं माहेर ज्या गावात आहे तिथं परकोटाला, म्हणजे गावाभोवतीच्या जुन्या तटाला, लागून आमची चार पिढ्यांची वस्ती. तो परकोट केंद्राच्या यादीत. 2010 मध्ये कायद्यात बदल झाला, तेव्हापासून स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरात नवीन बांधकाम बंद, अन् त्याच्या पुढच्या 200 मीटरात परवानगी घेऊनच. माझ्या भावाला घरकुल मंजूर झालं, जुनी मातीची भिंत पावसात बसली होती, अन् त्याला सांगितलं की इथं नवीन घर नाही बांधता येत, दुरुस्तीचा अर्ज करा. अर्ज केला, नकाशा जोडला, पुन्हा मोजणी मागितली. घरकुलाचा हप्ता तोवर अडकला. दोन पावसाळे आईनं ताडपत्रीखाली काढले.

मी कायदा वाईट आहे असं म्हणत नाही. त्या परकोटावर आम्ही भुलाबाईची गाणी म्हटली आहेत, तो पाडा असं आमच्यातलं कोणी म्हणणार नाही. पण त्याच्या सावलीत गरीबच राहतात, अन् त्यांना समजावून सांगायला, अर्ज भरून द्यायला गावात एकही सरकारी माणूस येत नाही. फलक लावला की झालं. मग लोकांना वाटते दगड मोठा की माणूस? अन् असं वाटलं की रात्री दगड चोरीला जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गोठ्याच्या पायात परकोटाचे दगड आहेत.

म्हणून आधी देवळाच्या आजूबाजूला कोणाची घरं आहेत, कोणाचं घरकुल यायचं आहे ते पाहून घ्या, त्यांना बोलावून बसवा.

निवृत्त_ओव्हरसियर :

माहेर पेठेत ताई, बरोबर लिहिलं. एक गोष्ट फक्त जोडतो, 100 अन् 200 मीटरचा तो नियम केंद्राच्या कायद्यातला आहे. त्यात घोषित करायच्या आधी दोन महिन्यांची सूचना काढावी लागते, गावच्या लोकांना हरकत घेता येते. ती सूचना स्मारकाजवळ चिकटवतात पण कोणी वाचत नाही. वाचायला पाहिजे.

आता शाळा. दारावर 1911 आहे म्हणजे ती आधी डिस्ट्रिक्ट बोर्डाची असणार, पुढं 1948 नंतर जनपद सभेचा, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक कारभाराच्या संस्थेचा, काळ आला, अन् 1962 मध्ये जिल्हा परिषदा झाल्या तेव्हा ती झेडपीच्या ताब्यात आली. प्रत्येक वेळी दप्तर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेलं, अन् प्रत्येक वेळी काहीतरी गळालं. त्यामुळे आज झेडपीच्या मालमत्ता रजिस्टरमध्ये ती शाळा एका ओळीत असेल, खोल्या इतक्या, छप्पर कवेलू. इमारत शंभर वर्षांच्या वर आहे याला त्या रजिस्टरमध्ये रकानाच नाही. नागपूरसारख्या शहरात हेरिटेज समिती असते, तिच्या यादीतल्या इमारतीला हात लावायच्या आधी विचारावं लागते. आपल्या खेड्यातल्या शाळेला, जुन्या विश्रामगृहाला, कचेरीला असा विचारणारा कोणी नाही. दोन्ही पुरातत्त्व खात्यांच्या यादीत नाही अन् शहरात पण नाही, अशा इमारती सगळ्यात जास्त आहेत अन् त्याच सगळ्यात आधी जातात.

पाडायच्या कामाला निर्लेखन म्हणतात. उपअभियंत्याचा दाखला लागतो, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो, मग प्रस्ताव वर जाते. तुमच्याकडं तो ठराव झाला का ते विचारा. झाला असेल तर इतिवृत्ताची नक्कल घ्या, नसेल झाला तर होऊ देण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट मागा. दाखल्यात भिंत, जोतं, मयाली, छप्पर यांची हालत वेगवेगळी लिहायला लावा. छप्पर खराब अन् भिंत चांगली असेल तर ते दुरुस्तीचं काम आहे, पाडायचं नाही. मी स्वतः एका शाळेचा असा दाखला दिला होता, नुसतं छप्पर बदलून ती अठरा वर्षे चालली. अन् दुसऱ्या एकीचा घाईत उलटा दिला होता. तिचे साग लिलावात गेले, दगड कुठं गेले माहीत नाही. त्या गावावरून जाताना अजून मान खाली जाते.

पोरांच्या जिवाशी मात्र खेळू नका. ऑडिट होईस्तोवर गळक्या खोलीत वर्ग भरू देऊ नका.

झरपटच्या_काठी :

चंद्रपूरहून लिहितो. भाऊ, यादीत नाव आलं म्हणजे सुटलो असं समजू नका, हे सांगाले आलो. आमच्या इथं गोंड राजांचा परकोट आहे, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा असे चार मोठे दरवाजे, अन् सगळा केंद्राच्या यादीत. तरी वर्षानुवर्षे बुरुजावर वड-पिंपळ वाढत होते, मुळं दगडायच्या सांध्यात घुसून अख्खी भिंत फुगवत होती. 2017 मध्ये इको-प्रो संस्थेच्या पोरांनी पुरातत्त्वची परवानगी घेऊन सफाई हाती घेतली. रोज सकाळी कोयते-कुदळी घेऊन जायची पोरं, दोनशेच्या वर दिवस चाललं, त्या वर्षी ऑक्टोबरमधे मन की बात मध्ये पंतप्रधानांनी त्यांचं नाव घेतलं. मी पण काही सकाळी गेलो होतो. झाडी निघाली तेव्हा कुठं आम्हाले कळलं की भिंतीवरून चालाची वाट पण आहे. जन्म इथला अन् तोवर माहीत नव्हतं.

पण परवानगी हा शब्द लक्षात ठेवा. स्मारकात चांगल्या मनानं पण खोदता येत नाही, झाड उपटताना दगड निघाला तर तो पण नोंदवावा लागते.

अन् दुसरं, कॅगनं, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकानं, 2013 च्या अहवालात सांगितलं की त्यांनी पुरातत्त्वच्या लोकांसोबत 1,655 ठिकाणं जाऊन पाहिली, त्यातली 92 सापडलीच नाही. पुढं 2022 मध्ये सांस्कृतिक मंत्रालयानं संसदेच्या समितीपुढं 50 स्मारकं हरवल्याचं सांगितलं, त्यात 14 शहरं वाढल्यानं गेली, 12 धरणाच्या पाण्यात, अन् 24 कुठं होती तेच सापडत नाही. ज्यायचं नाव केंद्राच्या वहीत होतं त्यायची ही गत. तुमच्या देवळाचा तर अजून फोटो पण कोणत्या दप्तरात नसन. म्हणून पहिले आधी फोटो काढा, मापं घ्या, अन् आवक नंबर पडेल असं कुठंतरी जमा करा.

जिजाऊच्या_मुलखातला :

झरपट भाऊच्या म्हणण्यात भर घालतो. आमच्या सिंदखेडराजाले लखुजीराजांच्या समाधीजवळ 2024 मध्ये पुरातत्त्वच्या नागपूर मंडळाचं काम चालू होतं, तेव्हा जमिनीखाली दगडी जोतं लागलं. लागलं म्हणून ते थांबले, हळूहळू उकरलं, आधी महादेवाच्या देवळाचा तळ निघाला अन् पुढं शेषशायी विष्णूची मूर्ती. मी गर्दीत मागं उभा राहून पाहिली. शेषाच्या वेटोळ्यावर देव निजलेला, पायाशी लक्ष्मी. माझ्या बाजूला एक म्हातारी होती, ती नुसती हात जोडून रडत होती. ब्रशनं माती झाडून राहिले होते ते लोक, कुदळ कोणाच्याच हातात नव्हती.

आता हेच काम रस्त्याच्या ठेकेदाराच्या जेसीबीखाली निघालं असतं तर? आमच्या शेजारच्या गावात शेतात नांगराला मूर्ती लागली होती, लोकांनी शेंदूर फासून पारावर बसवली, हात तुटलेला होता तर सिमेंटचा नवीन हात केला. श्रद्धेनंच केलं सगळं. पण जमिनीत पुरलेलं असं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागते, 1878 चा निखात निधी कायदा आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पोलीस पाटलाला माहीत असलं तरी खूप झालं, पण त्यालाही नव्हतं.

काळी भाऊ, देवळाच्या आजूबाजूला टाइल्ससाठी खोदकाम करणार असतील तर हे पण त्यांच्या कानावर घाला.

काळी_माती :

सगळ्यायचे उपकार. ओव्हरसियर काकाजी, तुमचं वाचून परवा तलाठी कार्यालयात गेलो अन् पयल्यांदा मले कोणी दुसरीकडं धाडलं नाही. सातबारा काढला. जमीन 'देवस्थान' म्हणून हाय, वहिवाटदार म्हणून गुरवाच्या आजाचं नाव, तो मरून चाळीस वर्षे झाले. दोन्ही खात्याच्या यादीत आमचं देऊळ नाही, पोरानं मोबाइलवर पूर्ण पाहिलं. ट्रस्टचा उतारा अजून काढाचा हाय.

सरपंच भाऊ अन् मी काल दोघंही ठेकेदाराकडं गेलो. त्यायले तुमचा सिमेंटचा मेसेज वाचून दाखवला. माणूस ऐकणारा निघाला, म्हणे मले सांगितलं तसं मी केलं, तुमी लेखी द्या, मी टाइल्स सभागृहाकडं लावतो. आज सकाळी ग्रामपंचायतीनं लेखी दिलं, बांधकामच्या साहेबाले प्रत, जिल्हाधिकाऱ्याले प्रत, नागपूरच्या राज्य पुरातत्त्वले रजिस्टर पोस्टानं प्रत, की देऊळ येऊन पाहा, रंग कसा काढाचा ते सांगा. पोस्टाची पावती जपून ठेवली. भितीत भरलेलं सिमेंट अजून ओलंच होतं, ठेकेदाराच्या मिस्त्रीनं लाकडाच्या कांडीनं हळूहळू काढलं, लोखंड लावलं नाही. तीन सांधे साफ झाले, बाकीचे सुकून गेले ते तसेच हाय.

माहेर पेठेत ताई, देवळाजवळ सहा घरं हाय. त्यातल्या दोघायचं घरकुल यादीत हाय. त्यायले आज रात्री पारावर बोलावलं, तुमी लिहिलं ते जसंच्या तसं वाचून दाखवनार हाय. त्यायची घरं बांधून होईलोक संरक्षणाचा अर्ज करू नये असं मले वाटते, पण ते काय म्हणते ते पाहू.

शाळेच्या ठरावाची नक्कल मागितली, गुरुजी म्हणते सोमवारी देतो. अन् भाचीले पहाटे पाच ताईचा मेसेज धाडला, तिनं तिच्या तीन मैत्रिणी जमवल्या.

आता एकच मदत पायजे. उद्या सकाळी सहाले मी अन् दोन पोरं मापं घ्याले देवळात जाऊन राहिलो, टेप अन् वही घेऊन. त्या गुलाबी खांबाचा रंगाआधीचा फोटो गावात कोणाजवळच नाही. वीस-पंचवीस वर्षाआधी शिवरात्रीच्या जत्रेत एक फोटोवाला देवळात बसून फोटो काढत होता, पडद्याच्या जागी तोच खांब मागं ठेवत होता. या भागातल्या कोणाच्या घरी तसा जुना फोटो असन, ढोलकीवालीच्या शेजारी उभं राहून काढेल, तर मेहरबानी करून इथं टाकजा. बोटं दिसली पायजे.